उणे ऐंशी

मे महिना. मेडिकल चौकात सत्तेचाळीस,
आणि या दाराच्या आत उणे ऐंशी.
मधे रबराची एक पट्टी.
एकशे सत्तावीस अंशांचं ते अंतर
सांभाळायचा मला पगार मिळतो.

रात्री अकरा दहाला लाइट गेली.
भोयर म्हणाला, डिझेल आहे मॅडम, पण बेल्ट तुटला,
गड्डीगोदामचा मिस्त्री फोन उचलत नाही.
अशा वेळी नियम एकच : दार उघडायचं नाही.
अंधारात बसून आत कोण कोण आहे ते आठवायचं.

वर कापूस, एकशे बारा वाणांची पानं.
शेजारच्या डबीत बोंडअळी.
दोघांचं भांडण तूर्त गोठलेलं.
त्याखाली पेंचच्या वाघिणीची विष्ठा,
वनरक्षक मडावीनं बिस्किटाच्या पुड्यात आणलेली,
नाकाला रुमाल, पण देताना दोन्ही हात पुढे.

मग संत्र्याचे डोळे.
माझा बाप कळमेश्वरच्या नर्सरीत डोळे बांधायचा :
जंबेरीच्या खुंटाला उभा काप, आडवा काप,
साल उचलून आत डोळा, वरून पट्टी.
पंधरा दिवसांनी डोळा उघडतो, हे त्याचं शास्त्र.
मी माझं सांगितलं :
संत्र्याची बी लावली तर बहुतेक रोपं
निव्वळ आईची नक्कल निघतात,
बापाचं त्यात काहीच उतरत नाही.
सुपारी गालात सरकवून तो म्हणाला,
‘मंग आमी कायले राबलो वं?’

सगळ्यात खाली रक्त.
सुगंधा उईके, वय नऊ, देवलापार.
वाघीणही त्याच रानातली.
त्याच चार अक्षरांत दोघी लिहिलेल्या,
पट्टे एकीला, कळा दुसरीला.

तीन अब्ज अक्षरांत एक चुकतं.
‘काळ’ लिहिताना काना गळावा
आणि ‘कळ’ उरावी, एवढंच.
मग गोल पेशी विळ्यासारखी वाकते,
गुडघ्यात अडते, पोटात अडते,
पोरगी शाळेच्या पायरीवर बसून राहते,
मास्तरांना वाटतं, नाटक करते.
पण हेच अक्षर एकदाच आलं
तर हिवतापात माणूस तगतो म्हणे.
चूक म्हणावं की ताईत,
ते किती वेळा लिहिलंय त्यावर.

माझ्यात एकदा लिहिलंय.
शिकत असताना स्वतःचंच रक्त सरावाला घेतलं,
तर कागदावर दोन पट्टे.
मामाच्या सुबोधचेही दोन निघाले.
लग्नाची तारीख धरलेली होती.
मामा म्हणाला, अगं, रक्ताचं नातं आहे आपलं.
मी म्हणाले, तेच तर.
त्यानंतर सहा वर्षं मामा
आमच्या दारावरून सायकल न थांबवता गेला.

मागच्या आठवड्यात कामठीहून एक नळी आली :
वासनिक, मुलगी, वय दोन.
बापाचं नाव मी दोनदा वाचलं.
रांग मोडून ती नळी आधी लावली,
नोकरीत पहिल्यांदाच.
रिपोर्टवर सही करून टपालात दिला.
त्यात काय होतं ते इथे लिहायचं नसतं.

पावणेचारला भोयरनं सायकलची ट्यूब कापून
तिचाच बेल्ट केला, आणि जनरेटर
खोकत खोकत लागला.
आकडे दिसले : उणे एकसष्ट.
मग बासष्ट. मग बराच वेळ बासष्टच.

मी दारावर तळहात टेकवला.
काढला तर घामाचा पंजा उमटलेला.
पुसून टाका मॅडम, भोयर म्हणाला, साहेब ओरडतात.
मी राहू दिला.
बाहेर उजाडत होतं, नागपूरचा मे होता,
वाळायला कितीसा वेळ.